वणवा 'लागत' नाही

मराठीतल्या एका क्रियापदावर माझा जुना राग आहे. 'लागणे'. भूक लागते, झोप लागते, उचकी लागते. इथवर ठीक, त्यात कुणाचा हात नसतो. पण त्याच चालीवर आपण 'वणवा लागला' असंही म्हणून मोकळे होतो. जणू डोंगराला उचकीच लागली!

मंडळी, सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा लागत नाही, लावला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून कुरकुरीत होतं, तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नसतो. वीज पडणार कुठून? बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते म्हणे. मग तो बांबू दरवर्षी नेमका रस्त्याकडेला आणि पायवाटेलगतच कसा घासतो बुवा? खरी कारणं साधी आहेत. जाळलं की पावसाळ्यात गवत जोमाने येतं ही समजूत, भाताच्या रोपांसाठी राब भाजताना बांधाबाहेर गेलेली ठिणगी, न विझवता फेकलेली विडी, ट्रेकवाल्यांनी तशीच सोडलेली चूल. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्ह्याला आधी कर्ता लागतो, आणि तो आपण वाक्यातच गाळलेला असतो. इकडे जमिनीवरची अंडी, कोवळी रोपं, गवताची मुळं जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते.

लाक्षणिक अर्थातही तीच चलाखी. 'अफवा वणव्यासारखी पसरली.' १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत तसले मेसेज व्हॉट्सॅपवर फिरत होते. 'फिरत होते' म्हणजे काय? मेसेजला पाय नसतात. प्रत्येक वेळी कुणाचा तरी अंगठा बटणावर पडलेला असतो.

गंमत म्हणजे मराठीला हे पक्कं ठाऊक आहे. दोन घरांत भांडण लावणाऱ्याला आपण 'आगलाव्या' म्हणतो. 'त्याने मधेच काडी टाकली' असं बोट दाखवून सांगतो. जिथे आग नसते तिथे कर्ता बरोबर सापडतो. जिथे खरोखर जळतं तिथे तो गायब!

कुणी म्हणेल, कशाला शब्दांचा कीस काढायचा? शब्द बदलून आग विझते का? नाही विझत. ती हिरव्या फांद्यांनी झोडपूनच विझवावी लागते आणि गावोगावची पोरं जिवावर उदार होऊन ती विझवतात. पण 'लागला' म्हटलं की चौकशी तिथेच संपते. 'लावला' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, 'कुणी?' त्या पोरांना निदान या प्रश्नाचं उत्तर तरी मिळायला हवं.

असो. घरच्या ग्रुपवरचे काका-मावश्याही हे वाचतात, म्हणून जाता जाता एवढंच. आपण मेसेजखाली लिहितो ना, 'आला तसा पाठवला'? 'आला' हे कबूल. पण 'पाठवला' कुणी?