गोडाला वार हवा

होळीला गळ्यात साखरेच्या गाठ्या, नागपंचमीला दिंडं, पोळ्याला पुरणपोळी, संक्रांतीला तिळगूळ. परभणी जिल्ह्यातल्या घरांत गोडाला तिथी होती आणि तिची वाट पाहण्यातही गोडी होती. आता सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं, दुपारी दुकानातलं चॉकलेट, संध्याकाळी आणखी एक पुडा. लेकरू रडलं की खाऊ, गप्प बसलं की बक्षीस म्हणून पुन्हा खाऊ.

मुलांना गोड जरूर द्यावं. रोज मात्र देऊ नये. दिवसाच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा एक दशांशाहून कमी असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं. पाच वर्षांच्या मुलासाठी हे फार तर आठ लहान चमचे होतात. दोन वेळचा गोड चहा, बिस्किटं आणि थंड पेयाची एक बाटली एवढ्यातच ते संपतात. दातांसाठी तर किती खाल्लं याहून किती वेळा खाल्लं, हे जास्त घातक.

आपल्याकडे या रोजच्या गोडाची झळ आधी भुकेला बसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळपास ६९ बालकांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. पण पुड्यानं भूक मेली की भाजी-भाकर ताटात तशीच राहते, आणि जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त अधिक असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये दिलं. त्याच परभणीत लेकराच्या हाती भाकरीऐवजी मैदा-साखर यावी, हे मनाला लागतं.

दिवसभर कापूस वेचून आलेल्या आईला यात दोष देता येत नाही. पाच रुपयांत लेकरू शांत करणारी वस्तू गल्लीतच टांगलेली आहे. म्हणूनच रोजचा हट्ट रोज मोडत बसण्यापेक्षा घरानं एकदाच नियम ठरवावा. स्वीडनमध्ये कित्येक घरांत मुलांचा खाऊ शनिवारी असतो. आपल्याकडे त्यासाठी बाजाराचा दिवस आहेच. आठवडी बाजाराला खाऊ, सणाला पक्वान्न. एरवी भूक लागली तर शेंगदाणे, फुटाणे, बोरं, पेरू. गूळही शेवटी साखरच, तो बेतानंच द्यावा. आजी-आजोबा, मामा, पाहुणे, साऱ्यांनीच हा नियम पाळावा आणि शाबासकी म्हणून खाऊऐवजी पाठीवर हात ठेवावा.

बाजारातून येणाऱ्या बापाच्या पिशवीकडे लेकरानं धावत जावं, हा आनंद कुणी हिरावू नये. तो रोजच्या पुड्यांनीच हिरावला आहे. बाजाराचा दिवस पाळला तर तो परत मिळेल.