स्वातीचा शिळा प्रकाश

गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी आकाश स्वच्छ मिळालं. जेवण झाल्यावर मागच्या अंगणात गेलो आणि सवयीने आधी सप्तर्षी शोधले. त्यांच्या शेपटीचा बाक मरीचीच्या पुढे तसाच वाढवत नेला की एक ठसठशीत नारिंगी तारा लागतो, तो स्वाती. साताऱ्याच्या माडीवर आण्णांनी दाखवलेली ही खूण इथे शिकागोजवळही तितकीच उपयोगी पडते!

स्वाती हा म्हातारा तारा आहे. वस्तुमान सूर्यापेक्षा किंचितच जास्त, पण गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे फुगून व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट झालेला. फुगल्यामुळे पृष्ठभाग थंडावला, म्हणून रंग नारिंगी. आपला सूर्यही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी याच वाटेने जाणार. (तोवर प्लॉट घ्यायला हरकत नाही.)

या ताऱ्याचं शिकागोशी एक जुनं नातं आहे. १८९३ साली इथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. विवेकानंदांचं सर्वधर्म परिषदेतलं भाषण त्याच वर्षीचं. पुढे १९३३ मध्ये दुसरं प्रदर्शन भरलं. तेव्हा स्वातीचं अंतर ४० प्रकाशवर्षं समजत. म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला प्रकाश आत्ता पोचतोय, असा हिशोब करून २७ मे १९३३ रोजी यर्कीस वेधशाळेतल्या ४० इंची दुर्बिणीने तो प्रकाशविद्युत घटावर घेतला. त्यातून मिळालेला क्षीण विद्युतप्रवाह वाढवून तारेने शिकागोला धाडला आणि प्रदर्शनाचे दिवे लागले!

पुढे मोजमाप सुधारलं. अंतर निघालं ३६.७ प्रकाशवर्षं. म्हणजे तो प्रकाश १८९६ च्या सुमारास निघालेला, प्रदर्शनाचा मांडव उठून तीन वर्षं झाल्यावर. खगोलशास्त्रज्ञांनी आकडा बदलला आणि पुढे गेले. कुणाचा अपमान वगैरे झाला नाही.

हे आठवायचं कारण वेगळंच. मला देश सोडून यंदा ३७ वर्षं झाली. त्या रात्री मी पाहिला तो प्रकाश मी विमानात बसलो त्या सुमारास निघालेला. आणि त्याच दिवशी फोनवर धाकट्या भावाशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला वाडा पाडून तिथे इमारत बांधायची आहे. मी परंपरा, आण्णांची आठवण, सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, एक पावसाळा इथे राहून बघ, मग बोल. माडीवर आता कुणी चढत नाही, कडीपाट कुजलाय."

माझ्या डोळ्यांपुढचा वाडा ३७ वर्षांपूर्वीचा आहे, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

आम्हा परदेशस्थांचं हेच होतं. तुमचे रस्ते, तुमची भाषा, तुमची मुलं, सगळ्यांवर आम्ही इथून मतं देतो, आणि तीही शिळ्या प्रकाशाच्या जोरावर. प्रकाश खोटा नसतो, फक्त जुना असतो. तेव्हा आमच्यासारख्याचा सल्ला ऐकताना तो देश सोडून किती वर्षं झाली, हे आधी विचारत जा. आणि आम्ही निदान आकडा सुधारायला शिकावं.

काल भावाला फोन केला. म्हटलं, नकाशा पाठव. फक्त गच्चीवर उत्तरेची बाजू मोकळी ठेव. सप्तर्षी तिकडेच दिसतात.