म्हणे, लायक कोणीच नाही!



आठ माणसे बोलावली. आठही तपासली. आणि शेवटी सांगितले काय, तर यातला एकही लायक नाही! ही कुठल्या पेढीवरच्या कारकुनाची भरती नव्हे. ही गोष्ट हिंदुस्थान पेट्रोलियमच्या अध्यक्षपदाची आहे. माहुलच्या खाडीकाठी ज्या कारखान्याच्या चिमण्या आपण लहानपणापासून पाहत आलो, त्या कंपनीची ही सर्वांत वरची खुर्ची. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रम निवड मंडळाने मुलाखती घेतल्या आणि हात झटकले.

बरे, एकदा झाले म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. २०२१ साली ओएनजीसीच्या अध्यक्षपदासाठी नऊ जण बोलावले, नऊही नापास. २०२३ साली इंडियन ऑइलची तीच गत. तीन कंपन्या, आणि निकाल एकच!

अहो, मग हे कारखाने आजवर चालवले तरी कोणी? भुताने? १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना ट्रॉम्बेला उभा राहिला. १९७४ आणि १९७६ साली हा व्यवहार सरकारच्या हाती आला. तेव्हापासून अधिकाऱ्यांच्या दोन पिढ्या इथे घडल्या. आग, पूर, संप, टंचाई, सगळे त्यांनी अंगावर घेतले. तीस वर्षे पारखलेला माणूस एका बैठकीत बाद होतो, तेव्हा माणसात खोट आहे की तराजूत, हे विचारायला नको का?

आम्ही एकांगी बोलत नाही. सर्वांना नाकारण्याचा अधिकार निवड करणाऱ्याला असलाच पाहिजे. अयोग्य माणूस खुर्चीत बसवण्यापेक्षा खुर्ची चार महिने रिकामी राहिलेली बरी. मंडळ आपला निकाल जाहीर करते, हेही आम्हांला मान्य. पण का नाकारले, याची एक ओळ तरी? नाही! सप्टेंबर २०२४ पासून ती खुर्ची अतिरिक्त कारभारावर चालली आणि मार्च २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातले गृहस्थ तिथे नेमले गेले. त्यांच्या लायकीबद्दल आमचा चकार शब्द नाही. पण घरच्यांत उणे काय होते, हे घरच्यांना कळू नये, हा कुठला न्याय?

सरकारी मंडळ निदान ‘नाही’ म्हणते. खासगी कंपन्यांत तेवढीही माणुसकी उरलेली नाही. प्रस्तुत लेखकाने हे स्वतः भोगले आहे. याच पट्ट्यातल्या एका कंपनीने (नाव घेत नाही) सरव्यवस्थापकाच्या जागेसाठी तीन महिन्यांत पाच फेऱ्या घेतल्या. चौथ्या फेरीआधी फर्मावले की कारखान्याचा खर्च कसा कमी कराल, याचा आराखडा लिहून आणा. पंधरा रात्री जागून वीस पाने लिहिली. पाचव्या फेरीला बडे साहेब घड्याळाकडे बघत विचारतात, “इतकी वर्षे एकाच ठिकाणी कसे काय राहिलात बुवा?” जणू इमानाने नोकरी केली हाच गुन्हा! त्यानंतर ना पत्र, ना फोन. आपण फोन करावा, तर “विषय होल्डवर आहे.” महिन्याने तीच जाहिरात पुन्हा झळकली. आराखडा मात्र त्यांच्याकडेच राहिला. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरे काय!

कोणी म्हणेल, मोठ्या पगाराच्या साहेबांचे रडगाणे आम्ही कशाला ऐकावे? अहो, ऐकलेच पाहिजे! वरच्या खुर्चीची निवड जिथे अंधारात होते, तिथे खालच्या कामगाराला उजेड कोण दाखवणार? आणि गंमत पाहा. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतून मुलाखतच काढून टाकली. कारण काय, तर वशिला चालतो, मनमानी होते. मग वर गेल्यावर तीच मुलाखत एकाएकी पवित्र कशी झाली?

आता वरच्या जागेला लेखी परीक्षा पुरत नाही, हे आम्हीही जाणतो. माणसे सांभाळण्याची अक्कल कागदावर उतरत नाही. तेव्हा मुलाखत हवीच. पण ती नीट घेता येते! ट्रॉम्बेच्याच अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ सालापासून चालू आहे. तिथेही शेवटची निवड मुलाखतीवरच होते. पण परीक्षेचे गुण बोलावण्यापुरते आणि निवड मुलाखतीवर, हे ती आधीच जाहीर सांगते. नियम माहीत असले की हरणाऱ्यालाही हार पचते.

सर्वोच्च न्यायालयाने तर १९८० सालीच, अजय हासिया खटल्यात, वाट दाखवून ठेवली आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन-तीन मिनिटांच्या तोंडी परीक्षेला एक तृतीयांश गुण दिले होते. न्यायालयाने ते अवाजवी ठरवले आणि मुलाखत ध्वनिमुद्रित व्हावी, अशीही सूचना केली. तेव्हा टेपरेकॉर्डर लागत होता. आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे. नाही ती फक्त इच्छा!

म्हणून आमचे मागणे साधे आहे. कोणत्या कसोट्या लावणार, ते जाहिरातीतच छापा. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ठेवा. नाकारलेल्याला दोन ओळींचे लेखी कारण ठरलेल्या मुदतीत द्या. आणि उमेदवाराकडून आराखडे लिहून घ्यायचे असतील, तर त्याची मजुरी मोजा!

हे दान नव्हे. ज्याने उमेदीची वर्षे कारखान्याच्या धुरात घातली, त्याचे हे घेणे आहे. ‘लायक कोणीच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आधी लायकी म्हणजे काय, ते लिहून दाखवावे. तोवर नापास आम्ही नाही, नापास तुमची परीक्षा आहे!