डब्याचा वेगळा, टीव्हीचा वेगळा

"म्हाताऱ्या माणसांना हल्लीचा टीव्ही जमत नाही हो!" दर दिवाळीला आमच्या नातेवाइकांच्या घोळक्यात कुणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. जमत नाही म्हणजे काय? भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आई एकटी राहते. रोवणीला किती बाया आल्या, कुणाचे किती पैसे द्यायचे राहिले, सगळं तिला तोंडपाठ. व्हॉट्सॲपवर नातवंडांना व्हिडिओ कॉल लावते. अशा बाईला टीव्ही लावता येत नसेल तर मंडळी, दोष टीव्हीचा आहे.

आता बघा, साधी मालिका बघायची तर काय काय करावं लागतं. टीव्ही एका रिमोटनं सुरू करायचा, डबा दुसऱ्या. आवाज टीव्हीच्या रिमोटनं, चॅनेल डब्याच्या. दोन्ही रिमोट काळे, दोन्ही लांबुळके, आणि त्यावरच्या ढीगभर बटणांपैकी आईच्या कामाची जेमतेम पाच. चुकून टीव्हीच्या रिमोटवरचं 'सोर्स' दाबलं गेलं की पडदा निळा आणि त्यावर इंग्रजीत 'नो सिग्नल'. मग मला फोन. "बाबू, टीव्ही निळा झाला गा." मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा राहून न दिसणाऱ्या रिमोटवरची बटणं सांगत बसतो. डबा बंद आहे, तार निघाली आहे, पावसानं सिग्नल गेला आहे, की रिचार्ज संपलाय? त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. आई म्हणते, "राहू दे, उद्या पाहू." ते 'राहू दे' मला फार लागतं. एकट्या माणसाच्या घरात संध्याकाळी बोलणारं तेवढंच एक असतं हो.

हे असं आधी नव्हतं. केबलची तार थेट टीव्हीत जायची, रिमोट एकच. मग केबल डिजिटल करायचं ठरलं. मुंबईत २०१२ मध्ये, पुणे-नागपूरकडे २०१३ मध्ये, आणि खेड्यापाड्यांसाठी शेवटची मुदत होती ३१ मार्च २०१७. चित्र स्वच्छ झालं, चॅनेलं वाढली, मान्य. पण टीव्हीशेजारी एक डबा येऊन बसला आणि दोघांचं आपसात जमवून देण्याचं काम घरातल्या माणसावर पडलं.

फुकटच्या डिशचीही तीच कथा. दूरदर्शनची ही सेवा १६ डिसेंबर २००४ ला सुरू झाली, आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. महिन्याचे पैसे नाहीत, कल्पना उत्तमच. पण जागांचा लिलाव झाला की चॅनेलं इकडची तिकडे होतात, आणि पुष्कळदा डबा नव्यानं स्कॅन करावा लागतो. त्या मेनूत भेटतात 'एलएनबी', 'ट्रान्सपॉन्डर' आणि 'सिम्बॉल रेट'. ज्याच्यासाठी ही सेवा काढली, त्या माणसानं हे कुठून शिकून यायचं?

बरं, तंत्रज्ञान नाही म्हणून अडलंय का? मुळीच नाही. एचडीएमआय तारेतून टीव्ही आणि डबा एकमेकांना हुकूम देऊ शकतात, एकाच रिमोटवर दोन्ही चालू शकतात. ही सोय २००५ पासून पूर्ण लिहून तयार आहे. पण प्रत्येक कंपनीनं तिचं वेगळं बारसं केलं: कुणाचं सिम्पलिंक, कुणाचं ब्राव्हिया सिंक, कुणाचं एनीनेट प्लस. सेटिंगच्या पाचव्या पानावर ती सापडली तरी डबा त्या बाजूनं साथ देईलच असं नाही. आणि स्वस्त डबा लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांनी जोडलेला असला तर विषयच संपला.

नियमांचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये ट्रायनं शिफारस केली की एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीकडेही चालायला हवा. मग भारतीय मानक ब्यूरोनं आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढलं. त्याप्रमाणे बनवलेल्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. छतावरच्या डिशची तार सरळ टीव्हीत लावायची आणि फुकट चॅनेलं बघायची, डबा नको, दुसरा रिमोट नको. म्हणजे जुन्या केबलसारखंच की! पैसे भरून बघायच्या चॅनेलांना ते लागू नाही, पण गावाकडच्या किती घरांचं त्यात भागेल.

"स्वस्तात द्यायचं तर असंच असणार," असं कुणी म्हणेल. अहो, पाच बटणांचा रिमोट पन्नास बटणांच्या रिमोटपेक्षा महाग कसा? 'डबा बंद आहे, आधी डबा सुरू करा' हे मराठीत लिहायला कोणती महागडी चिप लागते? कोणत्याही कंपनीचा बल्ब कोणत्याही कंपनीच्या होल्डरमध्ये बसतो. तो आपोआप बसायला लागला नाही, कुणीतरी माप ठरवून दिलं म्हणून बसतो. इथे मात्र कंपनी बदलली की डबा बदलतो, डबा बदलला की रिमोट, आणि आईची शाळा पुन्हा पहिलीपासून.

सध्या आम्ही टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि आवाज सोडून सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली आहे. झकास चालतंय! हजारो रुपयांच्या यंत्राला दहा रुपयांच्या चिकटपट्टीनं शहाणं करावं लागतं, याची लाज ते बनवणाऱ्यांना वाटायला हवी.

तर मंडळी, पुढचा टीव्ही घ्याल तेव्हा पडदा किती इंची हे नंतर विचारा. आधी विचारा, आत उपग्रहाचा ट्यूनर आहे का, डबा याच रिमोटवर चालेल का, सूचना मराठीत येतात का. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दुकानात सोबत न्या. रिमोट त्यांच्या हातात द्या आणि आपण गप्प उभे राहा. त्यांना लावता आला नाही, तर तो टीव्ही घेऊ नका.