दुसरी वाट कागदावर नको!

२४ फेब्रुवारी २०२१ हा दिवस मुंबईकरांनी विसरून चालणार नाही. त्या दिवशी सकाळी पावणेबाराच्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार बंद पडले आणि ते पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला. युद्ध नव्हते, दंगल नव्हती, महापूर नव्हता. बाजार बंद ठेवण्याचा कोणाचा हुकूमही नव्हता. तरीही देशातील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एकाची वाचा चार तास बसली. व्यवहाराची वेळ वाढणार की नाही हे वेळीच न कळल्यामुळे, त्याच दिवशी सौदे मिटविणाऱ्या अनेकांना किंवा त्यांच्या दलालांना पलीकडे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाने मोकळे व्हावे लागले. नंतर बंद पडलेला बाजार पाच वाजेपर्यंत खुला राहिला; परंतु ज्यांनी तोवर तोटा पदरात घेतला होता त्यांना त्याचा काय उपयोग?

या बाजाराला दुसरी वाट नव्हती काय? होती! नव्हे, एकाहून अधिक होत्या. एका कंपनीची तार तुटली तर दुसरीची चालावी, म्हणून दोन कंपन्यांच्या अनेक लिंका घेतलेल्या होत्या. मुख्य केंद्राजवळ एक पर्यायी केंद्र होते आणि दूर चेन्नईस आणखी एक होते. तथापि मुख्य केंद्र व जवळचे केंद्र यांमधील वाटेवर खोदकाम व बांधकाम चालू होते आणि दोन्ही कंपन्यांच्या लिंका डळमळल्या. त्यातच माहिती साठविणारी यंत्रणा कोलमडली आणि तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम-नियंत्रणाची व्यवस्थाही हाताशी राहिली नाही. चेन्नईकडे कारभार हलविण्यात आलाच नाही. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिले. पण कुदळ एकच पुरली! भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच.

हा प्रश्न केवळ शेअर दलालांचा आहे असे कोणी समजू नये. आज वाण्याच्या दुकानातील दोनशे रुपयांचा हिशेब, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, बँकेतील निवृत्तिवेतन आणि रेल्वेचे आरक्षण ही सारी राउटर नावाच्या पेट्यांतून जा-ये करतात. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा कारकून जे काम करतो, तेच काम राउटर करतो: आलेले पाकीट पाहावयाचे आणि ते पुढे कोणत्या वाटेने धाडावयाचे ते ठरवावयाचे. हा कारकून आजारी पडला तर दुसऱ्याने तत्काळ त्याच्या खुर्चीत बसावे, अशी योजना तंत्रज्ञांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संशोधनात, अणुहल्ल्यातही टिकेल असे संदेशांचे जाळे विणावयाचे तर एका मध्यवर्ती ठाण्यावर विसंबू नये, ठाण्याठाण्यांमध्ये अनेक वाटा ठेवाव्यात, असे मांडले होते. म्हणजे विचार जुना आहे, साधनेही उपलब्ध आहेत. मग घोडे पेंड खाते कोठे?

ते समजण्यासाठी ही खांदेपालट होते कशी, हे पाहिले पाहिजे. कचेरीत दोन राउटर बसवितात आणि दोघांना मिळून एकच सामाईक पत्ता देतात. कचेरीतील सर्व संगणक त्या पत्त्यावर आपली पाकिटे सोपवितात. पत्त्यामागे प्रत्यक्षात कोण बसले आहे, याची त्यांना खबरही नसते. दोघांपैकी ज्याचा अग्रक्रम वरचा तो कामावर असतो आणि ‘मी जिवंत आहे’ अशी हाक ठराविक अंतराने देत राहतो. व्हीआरआरपी नावाचा जो नियम १९९८ साली लिपिबद्ध झाला, त्यात ही हाक सामान्यतः दर सेकंदाला दिली जाते. लागोपाठ तीन हाका ऐकू आल्या नाहीत की राखीव राउटर पत्ता आपल्याकडे घेतो आणि काम पुढे चालू होते. सारा खेळ तीन-चार सेकंदांचा. संगणकापुढे बसलेल्या माणसाला पापणी लवल्यापलीकडे काही जाणवू नये.

व्यवस्था देखणी आहे. परंतु तिच्यात चकवे आहेत, आणि ते यंत्राचे नसून ते मांडणाऱ्या माणसांचे आहेत. पहिला चकवा असा की, ही हाक कचेरीच्या आतल्या बाजूस दिली जाते. बाहेर जाणारी तार तुटली तरी राउटर स्वतः धडधाकट असतो, ‘मी जिवंत आहे’ म्हणतच राहतो आणि राखीव राउटर निश्चिंत बसून राहतो! पहारेकरी दारात उभा आहे, पण मागचा पूल वाहून गेला आहे, असा हा प्रकार. त्यासाठी बाहेरच्या लिंकेवर नजर ठेवून, ती मेली की आपला अग्रक्रम आपणच खाली आणण्याची सूचना राउटरला द्यावी लागते. दुसरा चकवा याच्या उलट. दोन राउटरांमधला दुवाच तुटला की प्रत्येकास दुसरा मेला असे वाटते आणि दोघेही एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे येथेही खरे आहे. तिसरा चकवा सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत घातक. कामावरच्या राउटरमध्ये वर्षभर नियम बदलत जातात. राखीव राउटरमध्ये ते करावयाचे राहून जातात. वेळ येते तेव्हा राखीव राउटर खुर्चीत बसतो खरा, पण त्याच्या हातात गेल्या वर्षीचे पत्ते असतात.

आणि यंत्रे दोन असली तरी आधार एकच असेल तर काय होते, याचा धडा कॅनडाने ८ जुलै २०२२ रोजी घेतला. रॉजर्स या बड्या दूरसंचार कंपनीने आपल्या जाळ्यात सुधारणा करताना एक गाळणी काढून टाकली. त्यासरशी मार्गांच्या माहितीचा लोंढा मध्यवर्ती राउटरांवर आदळला आणि ते बसले. मोबाइल व तारेवरच्या सेवा एकाच मध्यवर्ती जाळ्यावर उभ्या होत्या, त्यामुळे दोन्ही एकदम बुडाल्या. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, डेबिट कार्डांचे व्यवहार ठप्प झाले, अनेकांना आणीबाणीचा ९११ क्रमांकही लागेना. सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. बिघाड शोधण्यासाठी अभियंत्यांना ज्या वाटेने राउटरांपर्यंत जावयाचे, ती वाटही त्याच बुडालेल्या जाळ्यातून जात होती! नेमके कारण सापडण्यास सुमारे चौदा तास लागले. आग लागलेल्या घराच्या किल्ल्या त्याच घरात ठेवल्या, तर दुसरे काय होणार?

राखीव यंत्रे विकत घेण्यास आमच्या संस्था कुचराई करतात, असे आम्ही म्हणत नाही. किंबहुना निविदेत ‘दुहेरी व्यवस्था’ हे शब्द आता हमखास आढळतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या राखीव वाटेवरून कोणी कधी चाललेले नाही तिला वाट म्हणू नये. ती केवळ आशा आहे. अग्निशमन दलाचे बंब एरवी उभे असतात म्हणून त्यांवरील खर्च वाया गेला असे कोणी शहाणा म्हणत नाही. पण त्या दलाकडून कवायत करून घेतली जाते. मग राउटरांची कवायत का नको? ‘चालू यंत्रणा मुद्दाम बंद करून धोका कशाला ओढवून घ्यावयाचा?’ असे अधिकारी विचारतात. हा प्रश्न अगदीच वावगा नाही. कवायतीतही यंत्र अडू शकते. परंतु ते अडते आपण निवडलेल्या वेळी, सर्व जाणकार हजर असताना. खऱ्या संकटाला मुहूर्त विचारून येण्याची सवय नाही.

हे अशक्य आहे असे म्हणण्याचीही आता सोय राहिलेली नाही. त्या फेब्रुवारीनंतर महिन्याभरातच सेबीने दंडक घातला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास तीस मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करावयाची आणि त्यापुढील पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रातून कारभार सुरू करावयाचा. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवारची सुटी असताना, बाजार मुद्दाम उघडण्यात आला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रातून खरे सौदे झाले. मग साडेअकरा ते साडेबारा तेच सौदे पर्यायी केंद्रातून झाले. लुटुपुटीचे नव्हे, खऱ्या पैशांचे! त्याच वर्षी १८ मे रोजी अशी कवायत पुन्हा झाली. ज्या बाजाराने चार तासांची नामुष्की सोसली त्यानेच हा कित्ता घालून दिला, याबद्दल आम्ही त्याचे मोकळ्या मनाने अभिनंदन करतो.

आता हाच कित्ता इतरांनी गिरवावयास हवा. या शहरातील रुग्णालये, बँका, महानगरपालिका व वीज कंपन्या यांच्याकडे आमची मागणी चार शब्दांची नसली तरी चार कलमांची आहे. दुसरी लिंक दुसऱ्या कंपनीची असून भागणार नाही. ती दुसऱ्या रस्त्याने आली पाहिजे आणि तिचा नकाशा करारास जोडलेला पाहिजे. राखीव राउटर वेगळ्या खोलीत, वेगळ्या विजेवर हवा, आणि एकात केलेला बदल त्याच दिवशी दुसऱ्यात झाला पाहिजे. बिघाडाच्या वेळी यंत्रांपर्यंत पोचण्याची वाट त्या यंत्रांवर अवलंबून नसावी. आणि दर तीन महिन्यांनी, दिवस जाहीर करून, मुख्य राउटर बंद करावा, किती सेकंदांत वा मिनिटांत काम पूर्ववत झाले ते टिपावे आणि तो आकडा लोकांपुढे मांडावा. रस्ते खोदण्याची परवानगी देणाऱ्या पालिकेवर तर याहून मोठी जबाबदारी आहे. जमिनीखाली कोणाच्या तारा कोठून जातात हे पाहिल्यावाचून कुदळ मारू देणे हा निष्काळजीपणा होय.

नागरिकांनीही एक सवय सोडावी. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ अशी पाटी लागली की आपण दैवाला बोल लावून मुकाट्याने घरी परततो, जणू काही पाऊस पडला! तो पाऊस नव्हे. त्या पाटीमागे कोणाचा तरी न केलेला बदल, न पाहिलेला नकाशा, न घेतलेली कवायत असते. ‘तुमचा दुसरा राउटर मागील खेपेस कधी चालवून पाहिला होता?’ हा प्रश्न त्या खिडकीवर विचारण्याचा प्रत्येक ग्राहकास अधिकार आहे. उत्तर देताना साहेबांची जीभ अडखळली, तर समजावे की दुसरी वाट अद्याप कागदावरच आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आमच्या वाडवडिलांनी सांगून ठेवले. खणलेल्या विहिरीला पाणी आहे की नाही हे तहान लागण्यापूर्वी पाहावे, एवढेच आम्ही त्यास जोडू इच्छितो.