विश्लेषण : अपयशी तारांकित क्वार्टरबॅकला बाकावर बसवणे योग्यच? ‘एनएफएल’मधील उदाहरणे काय सांगतात?

संघ हरू लागला, की चाहत्यांचे पहिले बोट सर्वांत मोठ्या नावाकडे जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे नाव बहुतेकदा क्वार्टरबॅकचे असते. त्याला वगळले तर प्रशिक्षकाने धाडस दाखवले म्हणायचे, की स्वतःची कातडी वाचवली म्हणायचे? ‘एनएफएल’मधील गेल्या काही वर्षांतील निर्णय तपासले, तर उत्तर निकालात कमी आणि प्रशिक्षकाच्या हेतूत अधिक सापडते.

ब्राइस यंग प्रकरण काय?

कॅरोलिना पँथर्सने २०२३ च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवड प्रक्रियेत, पहिल्याच क्रमांकावर अलाबामा विद्यापीठाच्या ब्राइस यंगला घेतले. हा पहिला क्रमांक मिळवण्यासाठी शिकागो बेअर्सला पहिल्या फेरीतील दोन आणि दुसऱ्या फेरीतील दोन निवडी, शिवाय डीजे मूर हा आघाडीचा रिसीव्हर देण्यात आला. एवढी किंमत मोजूनही पहिल्या हंगामात संघाने १७ पैकी केवळ दोन सामने जिंकले. यंगला पास फेकण्याआधीच ६२ वेळा पाडण्यात आले. हंगाम संपण्यापूर्वीच प्रशिक्षक फ्रँक राइक यांची हकालपट्टी झाली.

२०२४ मध्ये डेव्ह कॅनालेस नवे प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या सामन्यात न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून १०-४७, तर दुसऱ्यात लॉस एंजलिस चार्जर्सकडून ३-२६ अशी हार झाली. या दोन सामन्यांत मिळून यंगचे २४५ यार्ड, एकही टचडाउन नाही आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले तीन पास. दुसऱ्या पराभवानंतर लगेचच कॅनालेस यांनी २३ वर्षांच्या यंगला बाकावर बसवून ३६ वर्षांच्या अँडी डाल्टनकडे सूत्रे दिली.

क्वार्टरबॅकचाच प्रश्न इतका नाजूक का?

मैदानावर एका संघाचे ११ खेळाडू असतात. पण आक्रमणातील जवळपास प्रत्येक चालीत चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून जातो. प्रशिक्षकाची सूचना त्याच्या हेल्मेटमधील स्पीकरवर येते. ती तो सहकाऱ्यांना सांगतो, समोरच्या बचावाची मांडणी वाचतो आणि गरज पडल्यास ऐनवेळी चाल बदलतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाला सलामीवरून मधल्या फळीत खेळवता येते. क्वार्टरबॅकला असे दुसरे ठिकाण नसते. तो खेळतो किंवा बसतो.

त्यामुळे त्याला बदलणे म्हणजे ११ पैकी एक खेळाडू बदलणे नव्हे. चालींची पुस्तिका, सरावाचा वेळ, रिसीव्हरशी असलेला ताळमेळ असे सारेच बदलते. शिवाय त्याच्यावर कोट्यवधी डॉलर आणि संघाच्या पुढील काही वर्षांचा आराखडा अवलंबून असतो. म्हणूनच हा निर्णय अनेकदा योग्य वेळेच्या खूप नंतर घेतला जातो किंवा संतापाच्या भरात खूप आधी.

वगळण्याच्या बाजूने कोणते मुद्दे आहेत?

पहिला मुद्दा ड्रेसिंग रूममधील न्यायाचा. संघात ५३ खेळाडू असतात. त्यातील एखाद्या बचावपटूकडून सलग दोन सामन्यांत चुका झाल्या, तर त्याची जागा जाते. तोच नियम मोठ्या नावाला लागू नसेल, तर ‘कामगिरीवर निवड’ हे वाक्य फलकापुरतेच उरते.

दुसरा मुद्दा बुडालेल्या पैशांचा. खेळाडूवर आधी किती खर्च केला, यावरून तो पुढचा सामना जिंकून देईल की नाही हे ठरत नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने मार्च २००१ मध्ये ड्रू ब्लेडसोशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. त्याच सप्टेंबरमध्ये तो जखमी झाला आणि सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी मैदानात उतरला. ब्लेडसो तंदुरुस्त झाल्यावरही प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच कायम ठेवले. त्या हंगामाचा शेवट पेट्रियट्सच्या पहिल्या सुपर बोल विजेतेपदाने झाला. बेलिचिक यांनी कराराचा आकडा पाहिला असता, तर पुढचा इतिहास वेगळा असता.

मग संयम बाळगणे चूक आहे का?

अजिबात नाही. १९९८ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सच्या पेटन मॅनिंगने पदार्पणाच्या हंगामात तब्बल २८ इंटरसेप्शन दिले. संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरी तो सर्व १६ सामने खेळला. पुढच्याच वर्षी कोल्ट्सने १३ सामने जिंकले. डॅलस काउबॉइजच्या ट्रॉय एकमनने १९८९ मध्ये सुरुवातीपासून खेळलेले सर्व ११ सामने गमावले. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली काउबॉइजने तीन सुपर बोल जिंकले.

मात्र ही उदाहरणे देताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. मॅनिंग आणि एकमन चुका करत होते. पण चुकांमधून शिकतही होते. नव्या खेळाडूची चूक आणि खचलेल्या खेळाडूची चूक यांत फरक असतो. पहिला धोका पत्करून चुकतो. दुसरा मोकळा सहकारी दिसत असूनही चेंडू सोडत नाही, हल्ला येण्याआधीच पाय हलवतो आणि तीन यार्डांच्या सुरक्षित पासवर समाधान मानतो. चार्जर्सविरुद्ध यंगने २६ पैकी १८ पास पूर्ण केले. पण यार्ड मिळाले फक्त ८४. असा खेळाडू मैदानात ठेवला, तर तो शिकत नाही. चुकीच्या सवयी मात्र पक्क्या होतात.

चुकीचा निर्णय कसा दिसतो?

२०१७ मधील न्यूयॉर्क जायंट्स हे त्याचे ठळक उदाहरण. संघाला दोन सुपर बोल जिंकून देणारा एली मॅनिंग सलग २१० सामने सुरुवातीपासून खेळला होता. संघाची स्थिती दोन विजय, नऊ पराभव अशी होती. आघाडीचा रिसीव्हर ओडेल बेकहॅम ज्युनियर घोट्याच्या दुखापतीमुळे कधीच बाहेर गेला होता. अशा वेळी प्रशिक्षक बेन मॅकअडू यांनी एलीसमोर प्रस्ताव ठेवला, की सामन्याची सुरुवात करून सलगतेचा विक्रम कायम ठेव, मग जागा सोड. एलीने तो नाकारला. जीनो स्मिथ खेळला, ओकलंड रेडर्सविरुद्ध जायंट्स १७-२४ असे हरले आणि दुसऱ्याच दिवशी मॅकअडू व सरव्यवस्थापक जेरी रीस या दोघांनाही पदावरून दूर करण्यात आले. एली पुढच्या सामन्यात परतला.

येथे चूक ज्येष्ठ खेळाडूला वगळण्याची नव्हती. चूक होती ती अर्धवटपणाची. स्मिथ हा संघाचे भविष्य नव्हता, त्यामुळे बदलाचा उद्देशच कोणाला समजला नाही. विक्रमाची भीक घातल्यासारखा प्रस्ताव देऊन खेळाडूचा मानही राखला गेला नाही. विशेष म्हणजे २०१९ मध्ये याच एलीला दोन पराभवांनंतर पुन्हा बाकावर बसवण्यात आले, तेव्हा तसा गदारोळ झाला नाही. कारण त्या वेळी पहिल्या फेरीत निवडलेला डॅनियल जोन्स तयार होता आणि बदल कशासाठी आहे, हे सर्वांना दिसत होते. खेळाडू तोच, संघ तोच. फरक होता तो आराखड्याचा.

कामगिरीच्या नावाखाली हिशेब?

डेन्व्हर ब्रॉन्कोजने डिसेंबर २०२३ मध्ये रसेल विल्सनला हंगामातील शेवटच्या दोन सामन्यांसाठी वगळले. त्या हंगामात त्याच्या नावावर २६ टचडाउन पास आणि केवळ आठ इंटरसेप्शन होते. प्रशिक्षक शॉन पेटन यांनी हा निर्णय खेळाशी संबंधित असल्याचे सांगितले. मात्र विल्सन गंभीर जखमी झाला असता, तर त्याच्या करारातील ३ कोटी ७० लाख डॉलरची हमी संघाच्या गळ्यात पडली असती. ही हमी मागे घेण्यासाठी आपल्यावर आधीच दबाव आला होता, असे विल्सनने नंतर जाहीरपणे सांगितले. मार्च २०२४ मध्ये संघाने त्याला मुक्त केले आणि वेतनमर्यादेत साडेआठ कोटी डॉलरचा विक्रमी बोजा सोसला.

आर्थिक कारणाने खेळाडूला बसवणे नियमबाह्य नाही. पण त्याला ‘कामगिरी’चे लेबल लावले, की उरलेल्या ५२ जणांना एकच संदेश जातो : इथे सांगितलेले कारण आणि खरे कारण वेगळे असू शकते.

यंगच्या बाबतीत पुढे काय झाले?

डाल्टनने पहिल्याच सामन्यात लास व्हेगास रेडर्सविरुद्ध ३१९ यार्ड आणि तीन टचडाउन पासची कामगिरी केली. पँथर्स ३६-२२ असे जिंकले. यंत्रातील एकच भाग बदलून चाचणी घ्यावी, तसा हा प्रयोग होता. आक्रमणातील सहकारी बहुतांशी तेच, प्रशिक्षक तोच. क्वार्टरबॅक तेवढा वेगळा. चेंडू वेळेत सुटला तर ही यंत्रणा चालू शकते, हे त्यातून कळले. पुढचे चारही सामने मात्र डाल्टन हरला. म्हणजे दोष एकट्या यंगचा नव्हता, हेही त्याच चाचणीने दाखवले.

ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात डाल्टनच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि यंगला पुन्हा संधी मिळाली. परतल्यानंतरचा पहिला सामना तो हरला. पण पुढचे दोन जिंकले. डाल्टन बरा झाल्यावरही जागा यंगकडेच राहिली. हंगामाच्या अखेरच्या लढतीत अटलांटा फाल्कन्सविरुद्ध त्याने तीन टचडाउन पास दिले, दोन टचडाउन स्वतः धावून केले आणि पँथर्सने अतिरिक्त वेळेत ४४-३८ असा विजय मिळवला.

म्हणून कॅनालेस यांचा निर्णय योग्य ठरतो का? बसवण्याचा निर्णय योग्यच होता. पण पूर्ण गुण देता येणार नाहीत. यंगच्या पुनरागमनाची वेळ प्रशिक्षकाने नव्हे, तर एका अपघाताने ठरवली. तो अपघात झाला नसता, तर यंग आणखी किती आठवडे बसून राहिला असता, याचे उत्तर त्या वेळच्या आराखड्यात दिसत नव्हते.

रोहित शर्माशी तुलना होऊ शकते का?

मराठी वाचकाला यावर जानेवारी २०२५ मधील सिडनी कसोटी आठवेल. ऑस्ट्रेलियातील त्या मालिकेत पाच डावांत ३१ धावा झाल्यानंतर मुंबईकर कर्णधार रोहित शर्मा अखेरच्या कसोटीत खेळला नाही आणि जसप्रीत बुमराने नेतृत्व केले. प्रशिक्षक आणि निवड समितीच्या प्रमुखांना आपणच तसे कळवले, असे रोहितने सामना सुरू असतानाच मुलाखतीत सांगितले. सामना भारताने गमावला. तरीही तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. लय हरपलेला फलंदाज खेळवल्याने सामना वाचला असता, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. खेळाडूने स्वतः कारण स्पष्ट केल्यामुळे अफवांनाही चाप बसला. क्वार्टरबॅकच्या बाबतीत नेमकी हीच स्पष्टता अनेकदा नसते.

मग प्रशिक्षकाने काय करावे?

तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर नाव कितीही मोठे असो, त्याला बसवावे. खेळाडू चुकांमधून शिकणे थांबला आहे का? बदली खेळाडूमुळे संघाला विजय किंवा निदान दोषाचे अचूक निदान मिळणार आहे का? आणि खऱ्या कारणासह परतीची वाट खेळाडूला समोर बसवून सांगितली आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो डावपेच नसून जबाबदारी ढकलणे ठरते. यंगला बाकाचा फायदा झाला, कारण परतल्यावर त्याच्यामागे उभा राहणारा प्रशिक्षक होता. २०१७ मधील एलीच्या वाट्याला तो आला नाही.