छाप कोणाच्या हाताची?

गेल्या दिवाळीत लंडनच्या एका उपनगरातील आपल्याच मंडळाने सभासदांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरविले. मीही एक लिनोकट पाठविला होता. तो परत आला. नियमांत ‘कलाकृती सर्वस्वी स्वहस्ते केलेली असावी’ असे कलम आहे आणि माझ्या चित्राचे छाप माझ्या भाच्याने काढले होते. ही गोष्ट मी लपविली नव्हती, अर्जातच लिहिली होती. चिटणीस भले गृहस्थ. फोनवर म्हणाले, “वहिनी, चित्र सुरेख आहे हो, पण यंत्र तुम्ही फिरवलं नाहीत ना?”

नाही फिरविले. बारा वर्षांपासून मला संधिवात आहे. वयोमानाने गुडघे कुरकुरतात तो नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी पुष्कळ आराम पडला, पण ठणका पुरता गेलेला नाही. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की चहाच्या डब्याचे झाकण उघडत नाही. ज्या दिवशी बरे असते त्या दिवशी मी देवळात, लग्नाकार्यात दिसते. नसते त्या दिवशी घरीच असते. त्यामुळे लोकांना मी नेहमी ठणठणीतच दिसते!

लिनोकट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे काढायचे, जे पांढरे राहायला हवे ते कोरून टाकायचे, उरलेल्या भागावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाब द्यायचा. दाब यंत्राने देता येतो किंवा चमच्याच्या पाठीने घासून. कोरण्याचे काम मी अजून करते. थंडीत लिनो कडक होतो, म्हणून तो रेडिएटरवर ऊबवून घेते. मग हत्यार लोण्यात जावे तसे जाते. हत्यारांच्या मुठींना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या आहेत. वीस मिनिटे काम, मग विश्रांती. परंतु वीस प्रती काढायच्या म्हणजे चाक वीस वेळा ओढायचे, आणि तेवढे केले तर पुढचे चार दिवस पेन्सिलही धरवत नाही. चार दिवस गमवायचे की भाच्याला बोलवायचे? मी भाच्याला बोलावले.

आता ‘स्वहस्ते’ या शब्दाकडे येऊ. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ सालची, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ब्रिटिश म्युझियममध्येही तिच्या प्रती आहेत. होकुसाईने चित्र काढले. लाकूड कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसे घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. जपानात शतकानुशतके हीच रीत होती. स्वतःच काढावे, स्वतःच कोरावे, स्वतःच छापावे, हा आग्रह तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी आला. तो वाईट नव्हे, त्यातून उत्तम चित्रे निघाली. पण तो एक पंथ आहे, छापचित्राची व्याख्या नव्हे. दूर कशाला जा, आपल्या आज्ज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती घ्या. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. चित्रे दगडावर उतरविणारे आणि छापणारे कारागीर होते, त्यांत जर्मनही होते. ती चित्रे रविवर्म्याची नव्हेत, असे कोणी म्हटलेले मी तरी ऐकले नाही. आमच्या मंडळाच्या कलमाने मात्र दोघेही बाद होतात.

कोणी म्हणेल, अशा सवलती दिल्या तर उद्या लोक दुसऱ्याकडून सगळेच करून आणतील. ही शंका खोटी नाही. मुलांच्या स्पर्धेत तर मीही हट्टाने म्हणेन, की शाई तुमच्याच हाताला लागली पाहिजे. पण त्यावर उपाय सोपा आहे. कोणी काय केले ते चित्राखाली लिहावे. रेषा कोणाची, कोरले कोणी, छापले कोणी. त्यात कारागिराचाही मान राहतो.

दुसरी एक गोष्ट मला अधिक झोंबली. प्रदर्शनानंतर भेटलेल्या एक बाई सांत्वन करीत म्हणाल्या, “दुःखातूनच खरी कला येते, बघा.” क्षमा करा, पण हे मला पटत नाही. राउल द्यूफी या फ्रेंच चित्रकाराने १९११ साली आपोलिनेरच्या कवितांसाठी लाकडी ठशांची चित्रे केली. पुढे संधिवाताने त्याचे हात वाकडे झाले. १९५० साली तो बोस्टनला गेला आणि तेव्हा अगदी नवे असलेले कॉर्टिसोन घेऊन पुन्हा कामाला लागला. त्याची चित्रे पाहा: शिडाची जहाजे, घोड्यांच्या शर्यती, फडफडणारे झेंडे, व्हायोलिन. दुखण्याचा मागमूस नाही. त्याला दुखणे नको होते, चित्रे हवी होती. माझेही तेवढेच आहे.

भाच्याला चाक दिल्याने काही गेले, हे मात्र कबूल करते. चाकाच्या ओढीवरूनच मला कळे की कागद नीट ओला झाला आहे की नाही, दाब कमी पडतो आहे का. ते ज्ञान हातात होते. आता मी शेजारी स्टुलावर बसते, पहिला छाप उचलून खिडकीशी धरते आणि म्हणते, “डावीकडे शाई जास्त झाली, पुसून पुन्हा काढ.” तो कुरकुरतो. कधी चार कागद वाया जातात, कधी सात. कोणता छाप ठेवायचा आणि कोणता फाडायचा, हे मीच ठरविते.

कार्यकारिणीला मी पत्र लिहिले आहे, की ‘सर्वस्वी स्वहस्ते’ हे शब्द प्रौढांच्या विभागातून काढावेत आणि अर्जात साहाय्यकासाठी एक रकाना ठेवावा. उत्तर अद्याप नाही. पुढल्या दिवाळीच्या प्रदर्शनासाठी तोच लिनोकट पुन्हा पाठविणार आहे. फुलपात्रातल्या तुळशीच्या मंजिरीचे चित्र आहे. खाली पेन्सिलीने माझी सही आणि तिच्या शेजारी, जरा लहान अक्षरात, भाच्याची.